पुढच्या टेबलावरची बाई

ते साल दोन हजार बावीस. भिंगरीच्या बापाने बस आगारात शेवटची लावून निवृत्ती घेतली ते, खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने दवाखाना हलवला ते, आणि भिंगरीने अंतिम सामन्यात पेनल्टी बारवरून आकाशात मारली ते, सगळं त्याच एका वर्षातलं. घरात मात्र ते साल कुणी आकड्याने ओळखत नाही. बदामांचं वर्ष म्हणतात, आणि म्हणताना थोडं हसतातही. तेव्हा कुणी हसत नव्हतं. भिंगरी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं होतं. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बापाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे शहराच्या क्लबकडून ती फुटबॉल खेळायला लागली तेव्हा मैदानाभोवतीच्या लोकांनीही तेच नाव उचललं. त्या वर्षी ती तेवीस वर्षांची होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, संघातल्या गोलकीपरबरोबर एका लहानशा घरात राहत होती.

सामना शनिवारी झाला. मंगळवारी सकाळी भिंगरीची आई कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेली. काउंटरमागची औषधवाली भिंगरीच्या वर्गातली. लहानपणी दोघी भिंगरीच्या घरी स्वयंपाकघरात फरशीवर बसून पावाला साखर लावून खायच्या. एरवी ती गोळ्यांच्या आधी घरच्यांची चौकशी करायची. त्या दिवशी तिने गोळ्या पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं, आणि दुकानात दुसरं कुणी नाही असं पाहून हळूच विचारलं, "काकू, तुमचं खातं कुणी चोरलंय का?" भिंगरीच्या आईला वाटलं बँकेचं. ती म्हणाली, चोराला माझ्या खात्यात शिरून स्वतःचेच चार पैसे ठेवून यावंसं वाटेल. औषधवाली हसली नाही. तिने आपला फोन काउंटरवर फिरवून धरला. त्यावर भिंगरीचा सामन्याआधीचा फोटो होता, हिरव्या गणवेशातला, आणि त्याखाली परक्या लोकांनी लिहिलेल्या घाण शब्दांची रांग. रांगेतल्या एकेका ओळीशेजारी इवलासा लाल बदाम, आणि बदामावर बोट दाबलं की उमटत होता तो हिचा स्वतःचा चेहरा: निळा स्वेटर, गळ्यात भिंगरीचं पदक, तोंडभर हसू. तो फोटो भिंगरीनेच काढून तिथे लावून दिला होता. औषधवालीने विचारलं, हे तुम्ही नाही ना केलंत. लहान मुलाच्या तोंडात बरोबर उत्तर ठेवावं तसं विचारलं. आणि हिने, खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच, सांगितलं की मीच केलंय, रविवारची अख्खी सकाळ गेली त्यात, एकही सुटलं नसेल. औषधवालीने मान खाली घातली. काउंटरवरची काच तिने तळव्याने पुसली, तिथे काही सांडलेलं नव्हतं तरी. मग म्हणाली, "काकू, बदाम म्हणजे आवडलं."

गोळ्या काउंटरवर राहिल्या. औषधवाली दुकान उघडं टाकून तिच्यामागे रस्त्यात पळत आली आणि पिशवी तिच्या हातात देऊन हात तसाच धरून उभी राहिली, मग पुन्हा बोट लावलं तर लाल जातं हे दाखवून परत गेली. घर हाकेच्या अंतरावर होतं; त्या दिवशी ते जवळ येईना. पायाखाली फरसबंदी होती आणि डोळ्यांसमोरून पांढरं कापड सरकत होतं. तीस वर्षं सरकलं होतं ते. चादरींच्या कापडाची गिरणी, तिरकं काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि तिच्यावरून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न थांबता जाणारं कापड. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की पायाने यंत्र थांबवायचं, किनारीला त्या जागी लाल चकती चिकटवायची, पुन्हा पाय दाबायचा. तिच्या नजरेतून काही सुटत नसे म्हणून मुकादम तिला दुर्बीण म्हणत, आणि लग्नानंतर नवरा भांडणाच्या वेळी म्हणे. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी जुन्या बाईने शिकवलं होतं की कापडाशी भांडायचं नाही. डाग कुणी पाडला, विणणारा झोपला होता का, हे विचारायचं नाही. आपण दाखवायचं आणि पुढे सोडायचं. कारण पुढच्या टेबलावर रफूवाली बसलेली असे, ओठांत सुई धरून गुणगुणणारी जाडगेली बाई. ती चकतीपाशी थांबे, धागा ओढून घेई, डाग पुसून काढी, आणि चकती उचलून आपल्या डाव्या हाताच्या पाठीवर लावून ठेवी. पाळी संपेस्तोवर तो हात लालेलाल झालेला असे. जाताना तो हिच्यासमोर नाचवून ती म्हणायची, बघ, तुझी सगळी पापं धुतली. तीस वर्षांत लावलेली एकही चकती हिला पुन्हा दिसली नाही. एवढ्या वर्षांत माणसाच्या हाडात काय मुरतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. खराब दिसलं तर खूण करावी. पुढे कुणीतरी बसलेलं असतं. ते काढून टाकतं. आणि चांगल्या कापडावर खूण करायची नसते. म्हणून तर भिंगरीने एवढे फोटो टाकले, पण हिने कशालाही कधी बोट लावलं नाही. मागे एकदा भिंगरी लाडात म्हणाली होती, अख्खं गाव मला बदाम देतं, माझ्या आईलाच सुचत नाही. तेव्हा हिला नीट कळलं नव्हतं ती कुठल्या बदामांबद्दल बोलतेय. तिला वाटलं होतं, सुकामेव्याबद्दल असेल, आणि पुढच्या खेपेला ती पिशवीत बांधून पाव किलो घेऊन गेली होती.

रविवारी सकाळी तिने फोन हातात घेतला तो मुलीचा चेहरा पाहायला. शनिवारी सामना हरल्यावर भिंगरीने एकच निरोप पाठवला होता, झोपते आई. फोटो उघडला आणि खाली केळी दिसली. चित्रातली पिवळी केळी, एकापुढे एक, ओळच्या ओळ. तिला आधी बरंच वाटलं. उत्तरार्धात भिंगरीच्या पोटरीत गोळा आला होता, आणि संघाच्या डॉक्टरने तिला केळी खायला सांगितलेलं होतं. लोक किती लक्ष ठेवतात, असं वाटून तिचे डोळे भरून आले. मग आणखी खाली केळ्यांशेजारी त्या झाडावरच्या प्राण्याचं नाव आलं, आणि स्वयंपाकघरात कुणी नसतानाही तिचा चेहरा कानापर्यंत तापला. बेटावर परत जा, असं कुणी लिहिलं होतं. बेटावरून आला होता भिंगरीचा बाप, आणि तोही विशीत. पोर तर इथून तीन थांब्यांवरच्या इस्पितळात जन्मलेली, बेट तिने फक्त बापाच्या गोष्टींतून ऐकलेलं. तिने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली. एकेका ओळीच्या टोकाला पोकळ खूण होती; बोट लावलं की ती लाल होई. पत्त्यातला बदाम तिला माहीत नव्हता असं थोडंच आहे, पण लाल झाल्यावर आकार दिसेनासा झाला, नुसता लाल राहिला. हाताला ते ओळखीचं वाटलं, आणि हाताला जे कळलं ते डोक्याला विचारायचं राहून गेलं. ती वाचत नव्हती. कापड काही वाचायचं नसतं. घाण दिसली की खूण, मग पुढची. दुपारी मान आखडली तेव्हा ती उठली, आणि आपल्याकडून मुलीसाठी काहीतरी झालं या समाधानात पाळीवरून आल्यासारखी गाढ झोपली. आता फरसबंदीवर चालताना तिला त्या झोपेचीच सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

आणि लाजेच्या खाली दुसरं काहीतरी होतं, तिकडे ती पाहायला तयार नव्हती. लोकांना काय वाटलं याची तिला फिकीर नव्हती. भिंगरीला काय वाटलं? तिने ते लाल ठिपके पाहिले, त्यामागे आईचं हसरं तोंड पाहिलं, तेव्हा एका क्षणापुरतं तरी तिला ते खरं वाटलं असेल का? दुसऱ्या कुठल्या आईला हा प्रश्न पडलाच नसता, ती हसून म्हणाली असती, वेडी की काय, आईबद्दल असं कुणाला वाटेल. हिला तसं म्हणता येईना. हिला फोटो आठवत होते. बस चालवणारा हा काळाभोर, उंच, लाजरा माणूस गिरणीतल्या बायकांना आणायला-सोडायला यायचा, आणि एके वर्षी हिने त्याला घरी आईला भेटायला नेलं. आईने त्याची उत्तम सरबराई केली. मग बाहेर ओट्यावर फोटो काढायला सगळे उभे राहिले तेव्हा आई म्हणाली, जावईबापू, जरा उजेडात या, नाहीतर फोटोत नुसते दात येतील. सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने तो हसला. ती थट्टा घरात राहायलाच आली. दर फोटोला ती व्हायची. आई म्हातारी झाली, तिचे स्वतःचे दात गेले, तरी थट्टेचे शाबूत होते. मग भिंगरी झाली, उभी राहायला लागली, आणि तिलाही म्हणायला लागले, भिंगरे, उजेडात ये. आई गेल्यावर धाकट्या बहिणीने ती थट्टा दागिन्यासारखी वारशात घेतली. भिंगरी लहान असताना पळत उजेडात यायची. दहा-अकरा वर्षांची झाल्यावर एक दिवस तिने मावशीच्या हातातून कॅमेरा घेतला आणि म्हणाली, मीच काढते. तेव्हापासून घरातले सगळे फोटो तिनेच काढलेले आहेत, आणि म्हणून एकातही ती नाही. हे हिने पाहिलं नव्हतं असं नाही. जिची दुर्बीण म्हणून ख्याती तिला ते कसं दिसणार नाही. पण ती मनात म्हणे, बहीण मनाने वाईट नाही, तिचं बोलणंच तसं, कशाला उगाच वाढवा. गिरणीत ज्या डागासाठी तिने यंत्र थांबवलं असतं, तो घरात ती वर्षानुवर्षं पुढे सोडत आली होती.

घरी नवरा खिडकीशी बसून बटाटे सोलत होता. तिच्या तोंडाकडे पाहून त्याने सुरी खाली ठेवली. त्याला सोमवारी रात्रीच कळलं होतं. बसचालकांच्या गटावर कुणीतरी त्या बदामांचा फोटो पाठवला होता, वर लिहून की बघा, आईलाही पटलंय. सांगणार होतो, म्हणाला, पण तू इतकी शांत झोपली होतीस. मग त्याने आपल्या सवयीप्रमाणे हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हणाला, मी चाळीस वर्षं गाडीवर शिव्या खाल्ल्या, मला एकीवरही कधी बदाम मिळाला नाही. ती हसली नाही. तेव्हा त्याने ओला हात विजारीला पुसला आणि तिच्या मानेवर ठेवला, आणि दोघं तशीच उभी असताना फोन वाजला. क्लबमध्ये वर्तमानपत्रं आणि असले प्रकार सांभाळणारी एक मुलगी होती, तिला घरात माध्यमवाली म्हणत. तिचा फोन होता. मुलगी मोठी अदबशीर. तिने सांगितलं की भिंगरी सोमवारी सरावाला आली नाही, आजही नाही, आणि काही विचारलं तर तुम्हाला हवं ते करा म्हणते. पुढे खेळणार की नाही तेही बोलत नाही. क्लबने असं ठरवलंय की संध्याकाळी एक निवेदन काढायचं: खेळाडूच्या आईचं खातं कुणीतरी चोरलं होतं. साधं आहे काकू, कुणाला खोलात जायचं नाही, तुम्ही फक्त हो म्हणा. हो म्हणणं खरंच सोपं होतं. सकाळी औषधवालीने तेच उत्तर तिच्यापुढे ठेवलं होतं. तिने विचारलं, भिंगरीला चालेल का. माध्यमवाली म्हणाली, ती काहीच बोलत नाहीये काकू, म्हणून तर. ही म्हणाली, मी तिला भेटते, मग सांगते. मग भिंगरीला दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही.

शहराच्या त्या टोकाला जायला एकच बस. नवरा नेहमीप्रमाणे चालकाच्या मागच्या आसनावर बसला, आणि पुढचा माणूस वळणावर उशिरा थांबला की याचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. हा गिअर बदलतोय की भांडी घासतोय, असं तो पुटपुटला. ती खिडकीशी फोन घेऊन बसली होती. औषधवालीने रस्त्यात दाखवलं होतं की पुन्हा बोट लावलं तर लाल जातं. पण लावायचं तर ती ओळ शोधायला हवी, आणि शोधायची तर वाचायला हवी. या खेपेला तिने वाचलं. तिला वाटलं होतं अशी माणसं वेगळी दिसत असतील. एकाच्या चित्रात त्याच्या मांडीवर दोन मुलं होती. एकाचं कुत्रं होतं, गोड, जीभ बाहेर काढलेलं. एक बाई तर तिच्याच वयाची, मागे कुंड्या मांडलेल्या, कदाचित दुपारी कुंड्यांना पाणी घालून झाल्यावर खुर्चीत बसून तिने ते लिहिलं असेल, आणि मग चहा ठेवायला उठली असेल. ती बोट लावत गेली, लाल पोकळ होत गेलं, शब्द मात्र जागच्या जागी राहिले. काही ओळी तिला सापडेनात. लिहिणाऱ्याने तिला दार लावून घेतलं होतं, आणि तिचा बदाम आत राहिला होता. बस पुलावर चढली तेव्हा अचानक तिच्या लक्षात आलं. आपण रविवारी सकाळभर कापड पुढे सोडत होतो आणि पुढे कुणी नव्हतंच. टेबल नाही, दिवा नाही, सुई तोंडात धरलेली बाई नाही. कापड नुसतं जमिनीवर साचत होतं आणि माणसं त्यावरून चालत जात होती. तिने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. त्याने मागे न पाहता तो हात खांद्यावर दाबून धरला. डोळे रस्त्यावर, चालवणारा दुसराच असला तरी.

दार गोलकीपरने उघडलं. दारातल्या दोघांना पाहिल्याबरोबर तिला सगळं समजलं, आणि ती भिंगरीच्या बाबांना म्हणाली, बाबा, स्वयंपाकघरातला नळ कधीचा गळतोय, जरा पाहता का. ते दोघं आत गेले. भिंगरी खोलीत पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, केस न विंचरलेले, पाय पसरलेले. आई तिच्यासमोर जमिनीवर बसायला वाकली तशी भिंगरीने न बोलता उशी सरकवली. येताना बसमध्ये हिने सगळं मनात रचून आणलं होतं: टेबल, चकत्या, चूक कशी झाली. सुरुवात केली तशी भिंगरी म्हणाली, "मला माहितीये, आई. मी त्या चकत्या विसरेन का?" आणि तिने आईला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. शाळेला सुट्टी असली की ती गिरणीत यायची, तेव्हा एकदा पायऱ्यांवर पडून गुडघा फुटला. आई कामात होती. मग तिने टेबलावरची एक चकती उचलली, गुडघ्याला लावली आणि रफूवालीसमोर जाऊन उभी राहिली. रफूवालीने काम थांबवलं, गुडघ्यावर फुंकर घातली, आणि चकती काढून आपल्या हातावर लावली. भिंगरी म्हणाली, मी ते बदाम पाहिले आणि गोलकीपरला म्हटलं, बघ, आईने अख्खं ठाण नापास केलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आईला वाटलं, झालं, सुटलं. ती इतकी हलकी झाली की जवळजवळ रागावलीच. मग फोन का उचलत नव्हतीस, म्हणाली, आम्ही दोघं इकडे जीव टांगणीला लावून बसलोय. भिंगरी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. बुटात आपटून त्याचं नख काळंनिळं झालं होतं. स्वयंपाकघरात नळावर पाना खणखणत होता. मग ती म्हणाली, "हसायच्या आधी एक क्षण गेला. त्या क्षणात मला ते खरं वाटलं."

आईने उशीची कड हाताने सरळ केली.

"बाकीचे सगळे परके आहेत, आई. त्यांचं लागतं, पण बाहेरून लागतं. तो क्षण घरातला होता. हसून झाल्यावर तोच राहिला." मग म्हणाली, "फोटोच्या वेळी तू कधी काही बोलली नाहीस."

एवढंच. रागाने नाही, डॉक्टरने विचारल्यावर दुखतं ती जागा दाखवावी तसं. आईच्या तोंडाशी पुष्कळ आलं. आजी जुन्या काळातली होती, मावशीचं तुझ्यावर किती प्रेम, बाबाही हसायचे ना. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही बोलण्याजोगं नव्हतं. तिने भिंगरीची पावलं हातात घ्यायला हात पुढे केला आणि तो मध्येच राहिला, कारण पर्समधला फोन वाजायला लागला. बहिणीचा होता. सकाळपासून तिने कितीदा तरी केला होता. हिला फोनवरचं नीट ऐकू येत नसे म्हणून हिच्या फोनवर बोलणाऱ्याचा आवाज नेहमीच खोलीभर व्हायचा. बहिणीचा आवाज खोलीत आला, मायेने ओथंबलेला. पोरीला सांग, मनावर घेऊ नको म्हणावं, लोकांना काय, थट्टेची सवय. बाईमाणसाने मैदानात उतरायचं म्हणजे कातडी जाड हवी. आता आपण नाही का म्हणायचो, उजेडात ये, दात दिसतात, म्हणून काय कुणी मेलं. पोर तशीच हसत मोठी झाली ना.

भिंगरीने डोळे मिटून घेतले. आईने ते पाहिलं. पायाखाली यंत्राची कळ असावी तसा तिचा पाय आपोआप दाबला गेला, जमिनीवर, उशीजवळ.

"ती हसत नव्हती," ती म्हणाली. "ती फोटो काढायला लागली. ते उजेडात ये म्हणणं वाईट होतं. आई म्हणायची तेव्हाही, तू म्हणतेस तेव्हाही. मी ऐकून घेतलं ते त्याहून वाईट. माझ्यासमोर पुन्हा म्हणायचं नाही."

मग बहीण रडवेल्या आवाजात म्हणाली, एवढ्याशा थट्टेवरून बहिणीला तोडतेस. ही म्हणाली, तोडत नाही, सांगतेय. फोन बंद झाला. तिने फोन उशीशेजारी ठेवला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातला पान्याचा आवाज केव्हाच थांबलाय. तिथे तो उभा होता, इतकी वर्षं दर फोटोला सगळ्यांत मोठ्याने हसलेला माणूस, आणि त्याने सगळं ऐकलं होतं. मग पाना पुन्हा वाजायला लागला, खूप जोरात, नळ दुरुस्त करताना इतक्या जोरात मारत नाहीत. गोलकीपर हळू आवाजात काही म्हणाली आणि आवाज थांबला. भिंगरीने डोळे न उघडता दोन्ही पावलं उचलून आईच्या मांडीवर ठेवली. जड, सुजलेली, टाचांना घट्टे पडलेली पावलं. आई ती दाबत बसली. काळं पडलेलं नख तिने अंगठ्याने हलकेच चाचपून पाहिलं आणि म्हणाली, हे गळून पडणार. भिंगरी म्हणाली, पडू दे, नवं येतं.

माध्यमवालीचा फोन आला तेव्हा चहा झाला होता. आईने सांगितलं की चोरी झालेली नाही, खातं माझंच आणि बोटही माझंच, तसं काही लिहायचं नाही. माध्यमवाली अडखळली; मग काय लिहू, म्हणाली. भिंगरीने आईच्या हातातून फोन घेतला. ती पलंगावर बसली, नाक पुसलं, आणि सांगत गेली. मध्ये दोनदा थांबून शब्द बदलले. "बदाम माझ्या आईने दिले. ती तीस वर्षं गिरणीत कापड तपासायची. खराब दिसेल तिथे लाल खूण केली की पुढे बसलेलं कुणीतरी ते काढून टाकतं, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. पुढे कोण बसलंय?" माध्यमवालीने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि म्हणाली की शेवटचं वाक्य वरिष्ठांना झेपणार नाही. मग तिने ते पुन्हा एकदा हळू वाचलं. "राहू दे," ती म्हणाली, "मी तसंच टाकते," आणि तिचा आवाज आता अदबशीर नव्हता, साधा होता.

त्या निवेदनाने जग काही बदललं नाही. पुष्कळांनी चांगलं लिहिलं, काहींनी त्याच्याखालीही केळी लावली. ज्या कंपनीचं ते ॲप, तिने काही खाती बंद केली आणि बाकीच्यांबद्दल कळवलं की नियमांचा भंग दिसत नाही. त्या मांडीवर मुलं घेतलेल्या माणसाला मैदानावर यायला बंदी झाली. तो कुठल्याशा कचेरीत हिशेब लिहायचा, आणि आमच्याकडे सगळेच असं म्हणतात, असं त्याने चौकशीत सांगितलं म्हणे. भिंगरी पुढच्या सामन्यात बाकावर बसली, त्याच्या पुढच्यात खेळली. पेनल्टी तिने दोन वर्षं घेतली नाही. मग एकदा घेतली, आणि ती सरळ समोरच्या संघाच्या गोलकीपरच्या पोटात गेली. त्या रात्री तिने स्वतः घरी फोन करून सांगितलं, निदान चेंडू खाली तरी राहिला, बाबा. ती अजून खेळते. तिची मैत्रीण, ती नळ गळतोय म्हणणारी गोलकीपर, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली आणि तिथे शाळेत खेळ शिकवते. माध्यमवालीने वर्षभरात क्लब सोडला. आता ती खेळाडूंच्या संघटनेत आहे, सकाळी त्यांच्या आधी उठून त्यांच्या नावावर आलेली घाण वाचते आणि ज्याच्या-त्याच्या मागे लागते. एवढ्याशा वयात तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. औषधवालीने दुकान मोठं केलं. भिंगरीचा बाप तीन वर्षांनी गेला, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्या दुपारीबद्दल तो बायकोशी कधी एक शब्द बोलला नाही. फक्त त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तो चालकाच्या मागे बसला नाही. मागे तिच्याशेजारी येऊन बसला, आणि चालकाने कितीही वाईट ब्रेक मारला तरी त्याचा पाय हलला नाही.

बहीण वर्षभर बोलली नाही. निरोप नाही, वाढदिवसाला फोन नाही. हिनेही केला नाही, पण दर रविवारी दुपारी फोन हाताशी ठेवून बसायची. मग एका रविवारी तो वाजला. बहीण म्हणाली, तू त्या दिवशी बोललीस ते मला लागलं. ही म्हणाली, लागायलाच हवं होतं. पलीकडून बहिणीने नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग तिने विचारलं, भिंगरी बरी आहे ना. बरी आहे, ही म्हणाली, तूच विचार की तिला. विचारते, म्हणाली. त्यानंतर दोघी बराच वेळ मोतीबिंदूबद्दल बोलल्या.